मिशनच्या शाळेत प्रवेश घेण्यापूर्वी काय पाहावे

छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात, देवळाईत, पडेगावात किंवा वाळूजजवळच्या बजाजनगरात नवे घर घेतलेल्या कुटुंबात दिवाळी सरली की मुलाच्या शाळेचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा तो ‘मिशनच्या शाळेत नंबर लागेल का’ या प्रश्नापाशी येऊन थांबतो. शिस्त, इंग्रजी आणि शिक्षकांची नियमित हजेरी या तीन गोष्टींसाठी आपल्याकडे ख्रिस्ती संस्थांच्या शाळांचे नाव आहे आणि ते बऱ्याच अंशी कमावलेले आहे. मात्र त्या नावाच्या आधारावर उपनगरांत आता इतक्या शाळा उभ्या राहिल्या आहेत की प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी थोडी कागदपत्रे पाहण्याची सवय पालकांनी लावून घ्यावी. हे पाहायचे कसे आणि कोणत्या क्रमाने, हे पुढे सांगितले आहे. दोन मुलांचे प्रवेश आणि एका मुलीच्या दाखल्याची दुरुस्ती एवढा माझा या विषयातला अनुभव आहे.

शाळा नेमकी कोणाची

मराठवाड्यात कोणत्याही इंग्रजी शाळेला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. खरे तर कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचा मठ, आणि त्या मठाने चालवलेली शाळा ती कॉन्व्हेंट शाळा. नावात ‘सेंट’, ‘होली’ किंवा ‘मेरी’ असले म्हणजे शाळा ख्रिस्ती संस्थेची असते असे मुळीच नाही. फाटकावरच्या पाटीवर शाळेचे नाव मोठ्या रंगीत अक्षरांत असते, पण त्याच पाटीवर वर किंवा खाली बारीक अक्षरांत अमुक शिक्षण प्रसारक मंडळ किंवा तमुक एज्युकेशन सोसायटी ‘संचालित’ असे लिहिलेले असते. पालकांनी आधी ही बारीक अक्षरे वाचावीत. पाटीवर ती नसतील, तर फीच्या पावतीवर संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक सापडतो. शेजारच्या एखाद्या मुलाची जुनी पावती मागून पाहिली तरी काम होते.

अशा शाळांचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारातील शाळा धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालील विभाग) किंवा एखादा धर्मसंघ (फादर किंवा सिस्टर यांचा संघ) चालवतो. कॅथलिक पंथाचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. जालना रस्त्यावरील सेंट फ्रान्सिस द सेल्स शाळेमागे ज्या धर्मसंघाची परंपरा आहे, तो संघ फ्रान्समधील आन्सी येथे १८३८ मध्ये स्थापन झालेला आहे. प्रोटेस्टंट पंथाकडे १९७० मध्ये स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आहे, आणि मेथडिस्ट मंडळींचे काम उदगीरच्या बाजूला जुने आहे. दुसऱ्या प्रकारात एखादे ख्रिस्ती कुटुंब किंवा काही ख्रिस्ती व्यक्ती विश्वस्त संस्था नोंदवून शाळा चालवतात. तिसऱ्या प्रकारात संस्थाचालकांचा चर्चशी काही संबंध नसतो, केवळ नावाला वजन यावे म्हणून संताचे नाव घेतलेले असते.

तिसऱ्या प्रकारातील शाळा वाईटच असते असे मी म्हणणार नाही; तशा एका शाळेत उत्तम गणित शिकवले जात असलेले मी पाहिले आहे. पण फरक पडतो तो असा की, धर्मसंघाच्या शाळेत मुख्याध्यापक असलेल्या फादरची किंवा सिस्टरची काही वर्षांनी बदली होते, नवे माणूस येते आणि शाळेची घडी साधारण तशीच राहते. कुटुंबाच्या शाळेत मात्र सगळे काही त्या कुटुंबाच्या मर्जीवर असते, आणि संस्थापकांच्या मुलांत वाटण्या झाल्या की शाळेच्याही होतात. संस्थेचे विश्वस्त कोण आहेत हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंदींवरून कळते, कारण अशा संस्थांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याखाली होते.

येथे थोडे विषयांतर करतो. मराठवाड्यातील जुने मिशनकार्य शहरी मध्यमवर्गासाठी नव्हतेच. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली, आणि घोगरगावच्या परिसरात फ्रेंच धर्मगुरूंनी काम केले. त्या कामाचा रोख खेड्यांतील गोरगरिबांकडे होता. त्या काळचे मिशन आणि आजची इंग्रजी माध्यमाची, फी घेणारी, पिवळ्या बसची शाळा या दोहोंच्या मध्ये बराच काळ गेला आहे. ‘मिशनची शाळा म्हणजे फी कमी’ ही जुन्या लोकांची समजूत म्हणूनच आता तपासून घ्यावी लागते.

अल्पसंख्याक दर्जा आणि २५ टक्के जागा

या मुद्द्यावर पालकांचा सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून तो नीट समजून घ्यावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० (१) नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि त्या चालवण्याचा हक्क आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (आरटीई) याच्या कलम १२ (१) (ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी ठेवाव्या लागतात. परंतु सर्वोच्च न्यायालयाने प्रमती एज्युकेशनल ट्रस्टच्या खटल्यात ६ मे २०१४ रोजी दिलेल्या निर्णयानुसार हा अधिनियम अल्पसंख्याक शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा असे म्हटले.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, ज्या शाळेकडे ख्रिस्ती अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र आहे, ती शाळा आरटीईच्या ऑनलाइन सोडतीच्या यादीत सहसा सापडणार नाही. दरवर्षी काही पालक आरटीईतून नंबर लागेल या आशेवर दुसरीकडचे प्रवेश सोडून बसतात आणि यादीत शाळेचे नावच नाही हे त्यांना फार उशिरा कळते. उलट बाजूही लक्षात घ्यावी. एखादी शाळा स्वतःला ‘मिशनची’ म्हणवते, पण तिच्याकडे अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र नाही, तर तिला २५ टक्के जागा द्याव्याच लागतात. म्हणून ‘आपल्या शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे काय, आणि असल्यास प्रमाणपत्र कोणी दिले आहे’ हा प्रश्न कार्यालयात सरळ विचारावा. असे प्रमाणपत्र राज्य शासनाकडून किंवा २००४ च्या अधिनियमाखाली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडून मिळते.

अशा शाळेत ख्रिस्ती कुटुंबातील मुलांना प्राधान्य दिले जाते, आणि त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला किंवा आपल्या चर्चच्या धर्मगुरूंचे पत्र मागितले जाते. इतर धर्मीय पालकांकडे अशी मागणी होत नाही. प्राधान्याच्या जागा वजा जाता उरलेल्या जागांसाठी शाळेचे निकष काय आहेत, म्हणजे घरापासूनचे अंतर, आधीच शिकत असलेले भावंड किंवा सोडत, हे विचारून घ्यावे. शाळा अनुदानित असेल तर अनुच्छेद २९ (२) नुसार केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही.

मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे

उपनगरातील नव्या शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग भरलेले असतात, इमारतीचा तिसरा मजला चढत असतो आणि दहावीपर्यंतची मान्यता ‘येणारच आहे’ असे सांगितले जाते. मान्यतेच्या आदेशाची प्रत पाहिल्याशिवाय या ‘येणारच’वर विसंबू नये. प्रत्येक मान्य शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक (शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीतील क्रमांक) असतो, आणि महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. हा क्रमांक घेऊन यूडायसच्या संकेतस्थळावर शाळेची माहिती पाहता येते. तेथे वर्ग कोणत्या इयत्तेपर्यंत आहेत, माध्यम कोणते, व्यवस्थापन कोणत्या प्रकारचे आणि शिक्षक किती, हे दिसते. शाळा सीबीएसईची असल्याचे सांगितले गेले तर संलग्नता क्रमांक मागावा आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासावा. ‘सीबीएसई पॅटर्न’ या शब्दांना काही अर्थ नाही. ती शाळा राज्य मंडळाचीच असते आणि पुस्तके मात्र महागडी असतात.

मंडळ कोणतेही असो, २०२० च्या अधिनियमानुसार राज्यातील सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. मराठीचा तास आठवड्यातून किती वेळा होतो आणि तो शिकवणारे शिक्षक कोण आहेत, हे मी तरी आवर्जून विचारतो. ज्या शाळेत मराठीचा तास क्रीडाशिक्षकाकडे दिलेला असतो, तेथे बाकीच्या विषयांची व्यवस्थाही एकदा बारकाईने पाहावी.

प्रार्थना, टिकली आणि सुट्ट्या

शाळा पाहायला जायचे असेल तर सकाळी प्रार्थनेच्या वेळी जावे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, बायबलमधील एखादे वचन आणि येशूने शिकवलेली प्रार्थना असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. पुढे ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास आणि त्याच वेळी इतर मुलांना मूल्यशिक्षणाचा तास अशी विभागणी असते. अनुच्छेद २८ (३) नुसार राज्याची मान्यता असलेल्या किंवा राज्याचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा धार्मिक उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत जी हमी छापलेली असते, तिच्यात ही संमती गुंफलेली असू शकते. ती वाचूनच सही करावी. संमती द्यायची नसेल तर तसे लेखी कळवावे. माझ्या ओळखीच्या बहुतेक हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम पालकांना प्रार्थनेची अडचण वाटलेली नाही, पण तो निर्णय माहिती घेऊन झालेला असावा.

खरे खटके प्रार्थनेवरून उडत नाहीत. ते टिकली, बांगड्या, गंडा आणि मेंदी यांवरून उडतात. पंचमीला हातावर मेंदी काढलेली मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभी राहते आणि घरी वाद सुरू होतो. म्हणून गणवेशाचे नियम छापील स्वरूपात आधीच मागून घ्यावेत आणि सणाच्या काळात सूट आहे काय ते विचारावे. सुट्ट्यांची वार्षिक यादीही पाहावी. नाताळची सुट्टी कुठून कुठपर्यंत आहे, पोळ्याला आणि महालक्ष्म्यांना सुट्टी आहे काय, हे त्यात दिसते. लातूर, धाराशिवकडच्या कुटुंबांसाठी वेळ अमावास्येचा दिवस महत्त्वाचा असतो, आणि तो डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे नेमका नाताळाच्या आसपास येतो. त्या दिवशी चाचणी परीक्षा ठेवलेली नाही ना, एवढे तरी पाहावे. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन शाळेत कसे होते, हेही विचारण्यासारखे आहे. शाळा या मातीत किती रुजली आहे ते त्यावरून कळते.

फी

महाराष्ट्रात प्रवेशासाठी देणगी घेण्यास १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे, आणि खासगी शाळांच्या फीचे नियमन २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने होते. या कायद्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो, त्याच्या कार्यकारी समितीतील पालक सोडत काढून निवडले जातात, आणि व्यवस्थापनाने मांडलेल्या फीला या समितीची मंजुरी लागते. मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बंधनकारक असते आणि ती सूचनाफलकावर लावावी लागते. तेव्हा फीचा तक्ता तोंडी ऐकून घेण्याऐवजी फलकावरील तक्त्याचे छायाचित्र घ्यावे. प्रवेश फी, सत्र फी, शिकवणी फी, परीक्षा फी, संगणक, स्नेहसंमेलन, बस अशी शीर्षके वेगवेगळी लिहून वर्षाची बेरीज करावी, कारण ‘महिन्याला एवढेच’ या वाक्यात जून महिन्याचा हिशेब कधीच धरलेला नसतो. ‘इमारत निधी’ किंवा ‘ऐच्छिक मदत’ या नावाने रक्कम मागितली आणि पावती शाळेच्या नावाची मिळाली नाही, तर तेथेच थांबावे.

धर्मसंघाच्या शाळांत गरजू मुलांना फीत सवलत देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, पण तिची जाहिरात होत नाही. मुख्याध्यापकांना स्वतंत्रपणे भेटून, उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज दिल्यास विचार होऊ शकतो. अर्ज करण्यात कमीपणा मानू नये.

बस, पाणी आणि सुरक्षितता

राज्याच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार बसमध्ये महिला सहायक, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी असावी लागते. बीड बायपासवर ट्रकच्या रांगेतून ही बस जाणार असते, म्हणून नियम कागदावर आहेत की गाडीत, ते एका सकाळी थांब्यावर उभे राहून पाहावे. मराठवाड्यात शाळेची पाण्याची टाकी पाहणे हे वर्ग पाहण्याइतकेच आवश्यक आहे. एप्रिलमध्ये टँकर येतो काय आणि मुलींच्या स्वच्छतागृहात त्या महिन्यात पाणी असते काय, हे शिपायाला विचारले की खरे उत्तर मिळते. सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतील समिती), तक्रारपेटी आणि सीसीटीव्ही यांची विचारणाही त्याच भेटीत करावी.

वय आणि भेट

राज्याच्या नियमानुसार शैक्षणिक वर्षातील ३१ डिसेंबर रोजी मुलाला नर्सरीसाठी ३ वर्षे आणि पहिलीसाठी ६ वर्षे पूर्ण झालेली असावीत. म्हणजे २०२६-२७ मध्ये पहिलीत जाणारे मूल ३१ डिसेंबर २०२० किंवा त्यापूर्वी जन्मलेले हवे. अर्ज साधारणतः डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि त्यानंतर पालक-बालक ‘भेट’ होते. या भेटीसाठी तीन वर्षांच्या पोराकडून ‘माय नेम इज’ घोकून घेणारे पालक मी दाराबाहेरच्या बाकावर पाहिले आहेत. आत गेल्यावर ते पोर सिस्टरच्या टेबलावरच्या काचेच्या गोळ्याकडे टक लावून पाहत राहते आणि एक अक्षर बोलत नाही. सिस्टरना त्याचे काही वाटत नाही. त्यांचा बहुतेक वेळ पालकांशी बोलण्यात जातो. घरी कोण असते, अभ्यास कोण घेते, सुट्टी झाल्यावर मुलाला कोण नेते, असे ते प्रश्न असतात. त्यांची उत्तरे खरी आणि मराठीत दिली तरी चालतात.

जनरल रजिस्टरमधील नोंद

प्रवेश निश्चित झाला की पालक गणवेशाच्या दुकानाकडे धावतात. त्याआधी कार्यालयातील लिपिकाच्या टेबलाशी अर्धा तास थांबावे, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्या दिवशी जी ओळ लिहिली जाते, तिच्यावरूनच पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघतो. जातीचा दाखला, जात पडताळणी आणि शिष्यवृत्ती अशा ठिकाणी तो दाखला लागतो. मराठवाड्यातील माणसाला जुन्या नोंदीचे मोल सांगण्याची गरज नाही. निजामकालीन कागदांतील ‘कुणबी’ या एका शब्दासाठी २०२३ पासून किती दप्तरे उघडली गेली ते आपण पाहिले आहे.

माझ्या मुलीच्या वेळी मी हे केले नाही. जन्मदाखल्यात माझे नाव ‘बालाजी’ होते आणि रजिस्टरमध्ये लिपिकाने ‘बाळाजी’ लिहिले. गुणपत्रिका इंग्रजीत असल्यामुळे आणि इंग्रजीत ल आणि ळ एकाच अक्षराने लिहिले जात असल्यामुळे दहा वर्षे कोणाच्याही ते लक्षात आले नाही. दहावीनंतर मराठीत दाखला हातात पडला तेव्हा एका ळ साठी प्रतिज्ञापत्र, शाळेचे पत्र, जिल्हा परिषदेतील शिक्षण विभागाच्या फेऱ्या आणि जवळजवळ एक उन्हाळा खर्ची पडला. विद्यार्थी शाळेत असताना दुरुस्ती करून घेणे सोपे असते, शाळा सोडल्यावर ते काम अवघड होते.

नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, जन्मस्थळ, धर्म, जात आणि पोटजात हे सर्व रकाने मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत कसे भरले आहेत ते स्वतः वाचावे. अर्जासोबत जन्मदाखला, आधार कार्डाची प्रत आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला द्यावा. जात लिहिताना लिपिकाला तोंडी सांगू नये, तर वडिलांच्या दाखल्यातील शब्द जसाच्या तसा उतरवून घ्यावा. दुसऱ्या शाळेतून मूल येत असेल तर आधीच्या दाखल्यातील चूक येथेही उतरते, म्हणून तो दाखला जमा करण्यापूर्वीच तपासावा.

ख्रिस्ती कुटुंबांनी धर्माचा आणि जातीचा रकाना अधिक विचाराने भरावा. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशानुसार आणि त्यात १९५६ व १९९० मध्ये झालेल्या बदलांनुसार हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीय व्यक्तींनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश घेताना धर्म ‘ख्रिस्ती’ लिहायचा आणि पुढे कधी तरी जातीच्या रकान्याचा आधार घ्यायचा, असे केल्यास दोन्हीकडचे कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतात. कुटुंबातील आधीचे दाखले काय सांगतात ते पाहून, गरज वाटल्यास वकिलाचा सल्ला घेऊन, एकच भूमिका ठरवावी.

नोंद झाल्यावर प्रवेश निर्गम उताऱ्यासाठी, म्हणजे जनरल रजिस्टरमधील त्या नोंदीच्या प्रतीसाठी, साध्या कागदावर अर्ज द्यावा. मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का असलेला हा उतारा फीच्या पहिल्या पावतीसोबत फाईलमध्ये ठेवावा आणि त्याची एक छायाप्रत गावाकडच्या घरीही ठेवावी.